रेल्वेऐवजी चाकोरी? गाइडेड बसवेवरचे कोणते आक्षेप टिकतात?

रूळकरी
बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या भरावावर पुन्हा गाडी आणायची की गाइडेड बसवे टाकायचा, हा वाद निघाला की दोन्ही बाजू ठरलेली वाक्यं फेकतात. एकीकडे 'बस स्वस्त', दुसरीकडे 'रेल्वे ती रेल्वे'. सुनावणीत यातलं एकही टिकत नाही. म्हणून हा धागा.

आधी वस्तू काय ते सांगतो. काँक्रीटच्या दोन पट्ट्या, मध्ये मोकळी जागा. पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजूला सुमारे १८० मिमी उंचीची उभी कड आणि दोन कडांमधलं अंतर २.६ मीटर. बसच्या पुढच्या चाकांजवळ, चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या सांध्याला पक्क्या जोडलेल्या दांड्यावर भरीव रबराचं छोटं आडवं चाक. हे चाक कडेला टेकून पळतं आणि कड वळली की पुढची चाकं वळवतं. ड्रायव्हरकडे उरतात ते ॲक्सिलरेटर आणि ब्रेक.

नेहमीचं उदाहरण इंग्लंडमधलं केंब्रिज–सेंट आइव्ह्ज. प्रवासी गाड्या १९७० मध्ये बंद, मालगाड्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. कास्ट.आयर्न नावाचा स्थानिक गट रेल्वे परत आणा म्हणून भांडत होता. २००४ मध्ये जाहीर चौकशी झाली, २००५ च्या अखेरीस बसवेला मंजुरी मिळाली, २००७ मध्ये काम सुरू झालं आणि बस धावली ७ ऑगस्ट २०११ रोजी. ठरलं होतं २००९.

माझं मत: रेल्वेचे सगळे निर्बंध गळ्यात घ्यायचे आणि क्षमता मात्र बसचीच ठेवायची, असा हा सौदा आहे. पण मताला कोण विचारतो? कोणता आक्षेप आकड्यांवर उभा राहतो, ते सांगा.

निमआराम
शब्द अगदी चपखल निवडलात. चाकोरी म्हणजे मुळात गाडीच्या चाकांनी पडलेली खाचच. लोक ती मोडायला निघतात, इथे कोट्यवधी पौंड घालून बांधली.

पूलवाला
उलट्या बाजूनं बोलतो, नाहीतर हा धागा कीर्तन होईल.

बसवेचा खरा फायदा चाकोरीत नाही, चाकोरी संपते तिथे आहे. गावातल्या गल्लीत चढलेला माणूस गाडी न बदलता शहरातल्या रुग्णालयाच्या दारात उतरतो. रेल्वेनं गेला तर घर ते स्टेशन आणि स्टेशन ते रुग्णालय असे दोन तुकडे जोडीला येतात. केंब्रिजमध्ये पहिल्याच वर्षी सुमारे २५ लाख फेऱ्या झाल्या, अंदाजापेक्षा ४० टक्के जास्त. 'कोणी बसणार नाही' हा आक्षेप तिथेच निकालात निघाला.

आणि ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड विसरू नका. १९८६ मध्ये पहिला टप्पा, १९८९ मध्ये दुसरा, एकूण १२ किमी आणि त्यात स्थानकं फक्त तीन. बस उपनगरात फिरून माणसं गोळा करते, चाकोरीत शिरते आणि वेगानं शहराशी येते. २०१७ मध्ये शहराच्या टोकाला बोगदा खोदून हा मार्ग पुढे वाढवला. नापास झालेल्या गोष्टीला कोणी बोगदा खोदून देत नाही.

रूळकरी
ॲडलेड मान्य, पण तिथे रूळ उखडले नव्हते. तिथे आधी हलक्या रेल्वेची योजना होती, १९७९ च्या सत्ताबदलानंतर ती गुंडाळली आणि ओ-बान (तिथल्या गाइडेड बसवेचं नाव) आली. मोकळ्या नदीखोऱ्यातला नवा मार्ग आणि तयार रेल्वे भराव यांची तुलना करताना हा फरक धरावा लागेल.

खडीवाला
बांधकामावर कोणी बोललं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

रेल्वे खडीवर बसते. भराव खचला तर टॅम्पिंग मशीन येतं, रूळ उचलतं, स्लीपरखाली खडी ठोकतं, आणि सकाळी गाडी सुरू. खडी म्हणजे रेल्वेची समायोजनाची किल्ली. बसवेला ती किल्ली नाही. केंब्रिजमध्ये १५ मीटर लांबीचे तयार काँक्रीट बीम आधारांवर ठेवले, टोकाखाली बेअरिंग आणि उंची जुळवायला पातळ चकत्या, म्हणजे शिम. आता पाया चिकणमातीत आहे. चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि शेजारी झाडं असली तर आणखी असमान. दोन शेजारच्या बीमची टोकं वरखाली होतात, शिम सरकतात आणि सांध्यावर पायरी तयार होते. दुरुस्ती म्हणजे जॅक लावून बीम उचलायचा, नवा शिम घालायचा, पुढच्या सांध्याला जायचं. सांधे किती, ते किलोमीटरनं भागून बघा: एका दिशेच्या एका पट्टीला किलोमीटरमागे ६६–६७, दोन्ही दिशांच्या चार पट्ट्या धरल्या तर २६० च्या वर.

आता त्या पायरीचं बसला काय होतं बघा. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. १५ मीटरचा बीम म्हणजे सेकंदाला १.३ सांधे. हवेच्या सस्पेन्शनवरच्या बसची वरखाली होण्याची नैसर्गिक वारंवारता साधारण १ ते १.५ हर्ट्झ. म्हणजे नेमक्या नको त्या वेगाला बस तालावर डोलायला लागते. एक सांधा खराब असला तर गचका बसतो. सगळे थोडेथोडे बिघडले तर मळमळ.

शिवाय उष्णता. १५ मीटर काँक्रीटला ४० अंशांच्या फरकानं साडेसहा मिमीच्या आसपास लांबी येते. तेवढी फट सोडावीच लागते, आणि ती नुसती धावपट्टीत नाही, बाजूच्या कडेतही. आडवं चाक दर सांध्याला त्या फटीवरून उडी मारतं. त्या चाकाचं बेअरिंग खातं ते हेच.

तिकीट_तपासनीस
म्हणजे खटक-खटक आवाज रेल्वेचाच, गाडी मात्र बस. दुधाची तहान ताकावर.

हिशेबनीस
क्षमतेचा आक्षेप बरेच जण चुकीचा मांडतात आणि सुनावणीत तोंडावर पडतात. नीट मांडतो.

डबलडेकर बस बसलेले-उभे मिळून ९० माणसं धरा. दर ३ मिनिटांनी एक, म्हणजे तासाला २० बस आणि एका दिशेला १८०० माणसं. चार डब्यांची गाडी ३५० धरा, तासाला चार गाड्या, १४०० माणसं. म्हणजे कागदावर बस पुढे! जो 'बसची क्षमता कमी' एवढंच लिहून देतो, त्याला प्रवर्तकाचा, म्हणजे बसवे मांडणाऱ्याचा, वकील हा एक तक्ता दाखवून खाली बसवतो.

खरा प्रश्न त्या २० बस कोण चालवणार हा आहे. जाऊन-येऊन वळण घेण्यासकट फेरीला १०० मिनिटं लागत असतील तर दर ३ मिनिटांना ३४ बस आणि तेवढेच ड्रायव्हर एका वेळी रस्त्यावर हवेत. गाडीची फेरी ६० मिनिटांत होत असेल, तर दर १५ मिनिटांना चार गाड्या, चार ड्रायव्हर, हवे तर चार गार्ड. मागणी दुप्पट झाली की रेल्वे डबे जोडते, फलाट लांब असेल तर ड्रायव्हर तेवढेच. बसवेला ६८ बस लागतात आणि त्या सगळ्या शहराच्या त्याच चौकात येऊन उभ्या राहतात. वाढीव प्रवाशाचा खर्च कुठे सपाट राहतो आणि कुठे चढत जातो, हा आक्षेप लिहा. तिसाव्या वर्षाचा तक्ता मागा, पहिल्या वर्षाचा नको.

लोळण-रोधाचाही, म्हणजे चाक लोळताना होणाऱ्या विरोधाचाही, मुद्दा आहे. पोलादावर पोलाद म्हणजे वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के. काँक्रीटवर टायर ०.६ ते १ टक्का. ऊर्जेच्या बिलात हा फरक रोज दिसतो. पण थांबे जवळजवळ असतील तर ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा त्याहून मोठी असते, तेव्हा हा मुद्दा ताणू नका.

पूलवाला
हिशेबनीस, तक्ता बरोबर आहे. पण चार डब्यांच्या गाडीसाठी फलाट, सिग्नल, डेपो आणि जंक्शन लागतात, ते तुमच्या तक्त्यात कुठे आहेत?

सिग्नल_डाऊन
तिथेच रेल्वेवाल्यांचं घोडं पेंड खातं. भराव शिल्लक आहे म्हणजे रेल्वे शिल्लक आहे असं होत नाही.

फाटा मुख्य मार्गाला मिळतो तिथे काय काय लागतं बघा. एकेरी फाटा दुहेरी मुख्य मार्गाला जोडायचा तर किमान एक काटा आणि एक क्रॉसओव्हर, म्हणजे एका रुळावरून शेजारच्या रुळावर नेणारा जोड. येणारी फाट्याची गाडी समोरून येणाऱ्या मुख्य गाडीची वाट अडवते, दर वेळी तीन-चार मिनिटांची जागा जाते. मग मोठ्या स्टेशनात मोकळा फलाट हवा, आणि गाडीनं तिथे दहा मिनिटं उभं राहायचं तर तो फलाट दहा मिनिटं इतर कोणाचा नाही. केंब्रिजला तेव्हा फलाटांची चणचण होती. नवा बेट-फलाट (दोन्ही बाजूंना रूळ असलेला) आला २०११ च्या शेवटी, बसवे सुरू झाल्यावर काही महिन्यांनी. २०१७ मध्ये केंब्रिज नॉर्थ स्टेशन उघडलं, तेही जिथून सेंट आइव्ह्जचा फाटा निघायचा त्याच चेस्टरटनच्या परिसरात. बसवे त्या स्टेशनला येतो. रेल्वेसाठी हट्ट धरणाऱ्यांना ज्या दोन गोष्टी हव्या होत्या त्या दोन्ही आल्या, फक्त रूळ उखडून झाल्यावर.

लेव्हल क्रॉसिंगही विसरू नका. बंद मार्ग पुन्हा उघडताना जुनी फाटकं तशीच परत मिळतील हे गृहीत धरता येत नाही, नियामक पूल मागतो. बसवेला तिथे साधा ट्रॅफिक सिग्नल चालतो. खर्चातला सगळ्यात मोठा फरक बऱ्याचदा रुळात नसतो, इथे असतो.

कोपरापासून_नमस्कार
मध्येच विचारतो. चुकून मोटार आत शिरली तर?

गॅरेज२४
शिरते, आणि अडकते. तोंडाशी खड्डा ठेवलेला असतो. बसची चाकं दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरून जातात, मोटारीची चाकांमधली रुंदी कमी, त्यामुळे ती पोटावर बसते. ॲडलेडला खड्ड्याऐवजी इंजिनाचं ऑइल संप फोडणारं लोखंडी अवजार आहे. दोन्ही ठिकाणी पाट्या, लाल दिवे, रस्त्यावर अक्षरं, सगळं आहे. तरी सॅटनॅवचं, म्हणजे वाट सांगणाऱ्या यंत्राचं, ऐकून माणसं जातातच. मोटार क्रेननं काढेपर्यंत मागच्या सगळ्या बस उभ्या.

तिकीट_तपासनीस
खड्डा मुद्दाम खणून त्याला सुरक्षा व्यवस्था म्हणायचं. वा!

गॅरेज२४
हसा, पण अडकण्याचा मुद्दा गंभीर आहे. चाकोरीत बस बंद पडली तर मागचीला बाजूनं काढता येत नाही. उलटं जायचं म्हटलं तर आडवी चाकं पुढच्या ॲक्सलला आहेत. मागे जाताना बसचं मागचं टोक मोकळं, ते कोणी धरत नाही. म्हणून रिव्हर्स म्हणजे पायी चालण्याच्या वेगानं, बाहेर माणूस उभा करून. सुटकेला दोन मार्ग: मागच्या बसनं दांडा लावून ढकलायचं किंवा आडवी चाकं बसवलेला रिकव्हरी ट्रक उलट्या टोकानं आणायचा. आक्षेपात विचारायचा प्रश्न असा: असा ट्रक किती, कुठे उभा, आणि सगळ्यात लांबच्या मधल्या ठिकाणी किती मिनिटांत पोचतो? केंब्रिजच्या दक्षिण टोकाला ट्रम्पिंग्टनच्या खोदावात तर एकेरी चाकोरी आहे, तिथे एक बस अडली की दोन्ही दिशा बंद.

आत शिरण्याची जागा वेगळी बघा. कडा नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत येतात. ठरलेल्या वेगात आलात तर आडवं चाक अलगद टेकतं. जास्त वेगात आणि जरा तिरकं आलात तर ते आदळतं, दांडा वाकतो, आणि पुढचं टायर १८० मिमीच्या कडेवर चढू शकतं. केंब्रिजला बस चाकोरीबाहेर गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. रेल्वेला वेगमर्यादा ओलांडल्यावर ब्रेक लावणारी यंत्रणा असते. इथे पाटी आणि ड्रायव्हर.

गाड्यांचंही बघा. फ्रान्समधल्या काँ (Caen) शहरात टीव्हीआर ही टायरवर चालणारी मार्गदर्शित गाडी २००२ मध्ये आली आणि २०१७ च्या शेवटी बंद झाली, २०१९ पासून तिथे साधी ट्राम. नान्सीमध्ये तीच प्रणाली सुरुवातीलाच रुळावरून घसरली, महिनोन्‌महिने बंद ठेवली, आणि २०२३ मध्ये कायमची गेली. एकच उत्पादक, त्यानं बनवणं थांबवलं की सुट्या भागांसाठी वणवण.

पूलवाला
हरकत! काँ आणि नान्सी इथे लागू नाहीत. तिथे रस्त्याच्या मध्यात एक रूळ आणि त्याला पकडणारं चाक होतं. केंब्रिज-ॲडलेडची कड-मार्गदर्शित बस म्हणजे बाजारातली साधी बस अधिक एक दांडा. वेगळ्या रोगाचं औषध वेगळ्या रोग्याला देताय.

गॅरेज२४
उत्पादकाबद्दल मान्य, ते मागे घेतो. पण काँचा एक धडा लागू पडतो: टायर रोज त्याच इंचावरून गेलं की रस्ता खचतो. तिथे खरोखरच चाकोऱ्या पडल्या. कड-मार्गदर्शित बसही तशीच जाते, म्हणून डांबर चालत नाही, काँक्रीटच लागतं, आणि मग खडीवाल्यांचे सांधे आलेच.

'अधिक एक दांडा' हेही अर्धंच खरं. बसची रुंदी चाकोरीत बसणारी हवी, दांडा जोडायला ॲक्सलची मान्यता हवी. दुसऱ्या मार्गावरची बस आजारी पडली म्हणून इथे उसनी घेता येत नाही. जपानमध्ये नागोयाला २००१ पासून उन्नत मार्गावर अशी बस आहे, तिथे कायद्यानं ती रेल्वेसारखी धरली जाते आणि ड्रायव्हरला बसच्या जोडीला रेल्वे कायद्याखालचा परवानाही लागतो. ड्रायव्हरची टंचाई दुप्पट.

काठावरचा
या धाग्यात अजून कोणी चालणाऱ्या माणसाबद्दल बोललं नाही. केंब्रिजला बसवेला लागून देखभालीचा रस्ता आहे, तोच सायकल आणि पायवाट म्हणून वापरतात, अतिशय लोकप्रिय. काही भाग तळ्यांशेजारी पुराच्या पाण्याखाली जातो, ते सोडा. मुद्दा असा की बस ताशी ९० किमीपर्यंत जायची आणि मध्ये कुंपण नव्हतं. २०१५, २०१८ आणि २०२१ मध्ये तीन माणसं गेली. आरोग्य आणि सुरक्षा नियामकानं खटला भरला, काउंटी कौन्सिलनं गुन्हा कबूल केला, २०२५ मध्ये ६० लाख पौंड दंड झाला. रेल्वेला सीमेवर कुंपण घालणं हा जन्मापासूनचा नियम. बसवे रेल्वे नाही म्हणून कुंपण नको, रस्ता नाही म्हणून रस्त्याचे नियम नकोत. या फटीत माणूस सापडतो.

आक्षेप लिहिताना हाच पहिला लिहावा: वेग, सायकलवाटेपासूनचं अंतर, कुंपण आणि दिवे यांचा आडवा छेद प्रत्येक ठिकाणचा मागा. कुंपण घातलं की रुंदी वाढते, आणि 'चाकोरी अरुंद, म्हणून जागा वाचते' हे समर्थन तिथेच खलास.

खडीवाला
+१. रुंदीचा हिशेब सांगतो. आरसे धरून दोन चाकोऱ्यांना सहा मीटरच्या जरा वर. साध्या दोन पदरी बसरस्त्याला सात. वाचला एक मीटर, त्यात चार मीटरचा देखभाल रस्ता वेगळा घालायचा, आणि वर कुंपण. अरुंद पूल किंवा खोदाव असेल तिथेच हा मीटर मोलाचा, मोकळ्या शेतात नाही. म्हणून 'रेल्वे की गाइडेड बसवे' एवढेच दोन पर्याय अहवालात असतील तर तिसरा मागा: नुसता डांबरी बसरस्ता. तो बहुतेक वेळा तपासलेलाच नसतो.

निमआराम
म्हणजे रेल्वेवाले आणि डांबरवाले एका बाजूला, मध्ये चाकोरी. असं दृश्य दुर्मिळ.

हिशेबनीस
खर्चाचं एक कलम राहिलं. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या टप्प्यावर अंदाजात 'आशावादाची भर' घालतात, म्हणजे खर्च नेहमी कमी धरला जातो म्हणून वर चढवलेली टक्केवारी: केंब्रिजच्या काळात रस्त्याला ४४ टक्के, रेल्वेला ६६ टक्के. आता गाइडेड बसवे कोणत्या रांगेत? रस्त्याच्या रांगेत बसवला की रेल्वेपुढे आपोआप २२ टक्के गुणांची सूट मिळायची. प्रत्यक्षात काम रुळाइतकंच काटेकोर. केंब्रिजचा अंदाज होता ११.६ कोटी पौंड, त्यात ९.२५ कोटी सरकारचे. ठेकेदाराशी वाद झाला, २०१३ मध्ये तडजोड होऊन ठेकेदारानं ३.३ कोटी परत केल्यावरही एकूण १५ कोटींच्या वर गेलं. भर कोणत्या रांगेतली लावली आणि का, हा एका ओळीचा प्रश्न अहवालाचं अख्खं प्रकरण हलवतो.

कोपरापासून_नमस्कार
आणि हे सगळं लिहून द्यायचं कुठे, कधी?

काठावरचा
इंग्लंडमध्ये असा मार्ग बांधायला १९९२ च्या वाहतूक आणि बांधकाम कायद्याखाली परवानगीचा आदेश लागतो. अर्ज दाखल झाल्यापासून आक्षेपाला ४२ दिवस. लेखी, नावपत्त्यासह, कारणांसह. ज्याची जमीन घेतली जाणार त्याच्या आक्षेपाला कायद्यात वेगळं वजन आहे. त्यानं आक्षेप मागे घेतला नाही आणि सुनावणी मागितली तर ती द्यावी लागते. पुढे चौकशी घेणाऱ्या निरीक्षकासमोर आपला पुरावा आधी लेखी दाखल करायचा, मग उलटतपासणी. शंभर जणांनी एकच छापील पत्र पाठवण्यापेक्षा चार जणांनी चार विषय वाटून घेतलेले बरे.

रूळकरी
आता मूळ मुद्द्यावर येतो. 'एकदा चाकोरी टाकली की रेल्वे कायमची गेली' हा माझा सगळ्यात आवडता आक्षेप कोणी तपासलाच नाही.

पूलवाला
एडिंबरा. पश्चिमेचा छोटा गाइडेड बसवे २००४ मध्ये सुरू, २००९ मध्ये बंद, त्याच पट्ट्यावर ट्राम २०१४ पासून. म्हणजे परत फिरता येतं.

सिग्नल_डाऊन
येतं, कारण तिथे पुढे ट्राम येणार हे आधीच ठरलेलं होतं आणि लांबी किरकोळ होती. रेल्वेची सोय राखायची असेल तर तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्या लागतात: पुलाखालची उंची डबलडेकरपुरती न ठेवता विजेच्या तारेसकट गाडीपुरती ठेवणं, वळणांची त्रिज्या मूळ रेल्वेचीच ठेवणं, आणि जंक्शनच्या तोंडाशी इमारत उभी राहू न देणं. पहिल्या दोन महाग. तिसरी फुकट आहे आणि तीच सगळ्यात आधी हातची जाते.

केंब्रिजच्या दक्षिणेला बसवे १९६७ च्या अखेरीस बंद झालेल्या ऑक्सफर्ड मार्गाच्या भरावावर बसलाय. आता ऑक्सफर्डहून रेल्वे परत आणायची योजना आहे, तर तिला केंब्रिजमध्ये शिरायला दुसरीकडून वाट शोधावी लागते.

तिकीट_तपासनीस
तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटण्यावर दर पंधरा मीटरला सांधा.

रूळकरी
सिग्नल_डाऊन, ती उंचीची अट कोणत्या टप्प्यावर घालायची? आराखड्यात की आदेशात?

सिग्नल_डाऊन
आदेशात. आराखडा बदलतात. आणि अट घालताना उंची मीटरमध्ये लिहा, 'पुरेशी उंची' असं नको.